फियाटचं फाउंडेशन



वसईतल्या एखाद्या वाडीत अजूनही ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. १९७४पासून नाव पद्मिनी, पण आपल्या तोंडी ती फियाटच राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली तिची टॅक्सी बंद झाली तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. त्यांतल्या किती जणांनी तिचं बॉनेट उघडलं होतं, हा प्रश्न मी विचारत नाही.

मला बोलायचंय ते तिच्या फाउंडेशनबद्दल. गॅरेजवाल्यांचा हा शब्द. कॅटलॉगात इंजिन माउंटिंग. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांना साच्यात उष्णतेने जोडलेलं रबर. इंजिनाचं वजन पेलायचं, पण त्याची थरथर बॉडीपर्यंत जाऊ द्यायची नाही, असं दुहेरी काम. उष्णतेने रबर कडक होऊन तडकतं, गळक्या ऑइलने फुगून पट्टीपासून सुटतं. मग गाडी उभी असताना आरसा थरथरतो, क्लच सोडताना दणका बसतो. मालक कार्बोरेटर साफ करतो, प्लग बदलतो, क्लचप्लेट मागवतो. फाउंडेशनकडे बघायचं सुचतच नाही.

तपासणी सोपी आहे. गाडीपुढे कुणी उभं राहू नये. जाणता माणूस स्टिअरिंगवर बसवा; हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. पहिल्या गिअरमध्ये क्षणभर अर्धा क्लच सोडायला सांगा आणि बाजूने बघा. चाकं अडली की इंजिन स्वतःच वळू बघतं आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. थोडी हालचाल चालते. रबरात फट उघडली तर फाउंडेशन गेलं. हे किरकोळ समजू नका. अमेरिकेत शेवरलेच्या गाड्यांत तुटलेल्या माउंटिंगमुळे इंजिन उचललं जाऊन अॅक्सिलरेटर अडकत असे. १९७१मध्ये कंपनीला सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या.

आता काम. आपल्या खाऱ्या वाऱ्यात खरा वैरी गंजलेला बोल्ट, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना अडण लावा. ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून मगच जॅक लावा, नाहीतर चेंबर चेपेल. रबरावरचा भार सुटेल एवढंच इंजिन उचला. पंखा, रेडिएटरचा पाइप आणि सायलेन्सरचा जोड यांवर नजर हवी. एका वेळी एकच बाजू सोडा, पण बदला दोन्ही. बोल्ट आधी सैल बसवा, इंजिन खाली टेकू द्या, मग आवळा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. घरी काम करण्याची हौस स्टँड घेण्यापासून सुरू होते.

टायरचा तुकडा कापून बसवण्याची युक्ती मला मान्य नाही. तो धड पेलतही नाही आणि थरथरही अडवत नाही. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला डबाबंद जुना मालही नखाने दाबून बघा. न वापरताही रबर म्हातारं होतं. आपल्या वालीव-सातिवलीकडे साच्यात रबर घडवणारे छोटे कारखाने आहेत, पण त्यांना समोर नमुना लागतो. तेव्हा उतरवलेलं फाउंडेशन भंगारवाल्याला देऊ नका. रबर गेलं तरी पट्ट्या शाबूत असतात, आणि भोकांचं माप त्यांच्यावरूनच मिळतं.