मुद्दाम घातलेला सिग्नल



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे प्रकल्प संगणकावरच पार पडले असणार, आणि अहवालात तुम्ही बिनदिक्कत लिहिलं असणार, ‘प्रयोग केला’. सिम्युलेशनला प्रयोग म्हणावं का, यावर तत्त्वज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. माझी बाजू आधीच सांगून टाकतो: म्हणू नये. प्रोग्राम आपल्याला चकित करू शकतो, हे खरं. पण तो बोलतो ते आपणच त्यात भरलेल्या समीकरणांतून. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा, आणि वर आपणच तपासायचा, असा तो मामला आहे.

मग सिम्युलेशन कुचकामी का? मुळीच नाही. १६ सप्टेंबर २०१० रोजी गुरुत्वीय लाटा शोधणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांत, हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला, एक सिग्नल उमटला. दिशा बृहल्लुब्धक तारकासमूहाची दिसत होती, म्हणून त्याचं नाव पडलं ‘बिग डॉग’. शास्त्रज्ञांनी जवळजवळ सहा महिने त्याचा पिच्छा पुरवला. पडताळण्या झाल्या, शोधनिबंधाचा मसुदाही लिहून झाला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणारा लिफाफा उघडला, तेव्हा कळलं की ही लाट काही मोजक्या सहकाऱ्यांनीच गुपचूप घातलेली होती: संगणकावर रचून, वेधशाळेचे आरसे तसे हलवून. असं कधीतरी होऊ शकतं हे सर्वांना ठाऊक होतं. केव्हा, ते नव्हतं. त्या लाटेतून आकाशाविषयी काडीचंही ज्ञान मिळालं नाही. पण यंत्र सिग्नल पकडतं का, प्रोग्राम तो ओळखतो का आणि माणसं हुरळून जातात का, हे मात्र कळलं. सहा महिन्यांत एवढं कळणं मला स्वस्तच वाटतं.

अशा लाटा शोधण्याच्या कामाचं एक मूळ पुण्यात आहे. गोंगाटात बुडालेली लाट हुडकायची, तर ती कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने काढावे लागतात. किती आणि कोणते नमुने घ्यावेत, यावर बी. एस. सत्यप्रकाश आणि आपले संजीव धुरंधर यांनी १९९१ साली महत्त्वाचा निबंध लिहिला. धुरंधर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रात याच कामात रमले. ज्यातून अशी लाट उठते, ते दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतानाचे शेवटचे क्षण मात्र कितीतरी वर्षं संगणकाला पेलत नव्हते. २००५ साली फ्रान्स प्रिटोरियस यांनी ते गणित तडीस नेलं. २०१५ पर्यंत हाताशी सुमारे अडीच लाख नमुने होते.

इथेच खरी मेख आहे. नमुने घेऊन शोधायला निघालात, तर नमुन्यात नसलेलं नजरेतून सुटतं. म्हणून लायगोने दुसराही एक प्रोग्राम चालू ठेवला होता, लाटेचा आकार गृहीत न धरणारा; दोन्ही वेधशाळांत सारखाच हिसका दिसला की सांगणारा. १४ सप्टेंबर २०१५ला इशारा आला तो याच प्रोग्रामकडून, आणि तोही तीन मिनिटांच्या आत. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक! अनेकांचा पहिला प्रश्न होता, ‘हा सिग्नल कुणी घातला?’ कुणीच घातला नव्हता. मग नमुन्यांची पाळी आली. नुसत्या गोंगाटातून असा योगायोग दोन लाख वर्षांत एकदापेक्षाही कमी वेळा घडेल, असा हिशेब निघाला. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर. हे नमुन्यांनी सांगितलं. पण ती लाट आलीच नसती, तर अडीच लाख नमुने नुसते पडून राहिले असते.

आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तुमच्यातले काही जण तिथे मुलाखतीला जातील. पगार जरूर विचारा. आणि सिग्नल मुद्दाम घालायची किल्ली कुणाकडे असते, तेही विचारून घ्या.