एक प्यादं कमी असताना



ज्यांनी आज बक्षिसं घेतली, त्यांचं मनापासून अभिनंदन. पण आज मला जास्त बोलायचंय ते ज्यांचं नाव पुकारलं गेलं नाही त्यांच्याशी. सहामाहीत मागे पडलेल्यांशी, अंतिम फेरीच्या दारातून परतलेल्यांशी. मी बुद्धिबळ शिकवतो. म्हणून हरत आलेला डाव कसा लढवायचा, हे पटावरूनच सांगतो.

मुलांच्या स्पर्धांत एक गोष्ट हमखास दिसते. एक प्यादं गेलं की मूल धास्तावतं आणि हत्तीला उरलेल्या प्याद्यांच्या राखणीला बसवतं. राजा कोपऱ्यात. मग हत्ती शेजारच्या घरात जातो, पुन्हा परत येतो. मुलाला वाटतं, आपण बचाव करतोय. समोरच्याला मात्र हवा तेवढा वेळ मिळत असतो. तो सावकाश आपला राजा पुढे आणतो आणि डाव संपवतो. हार लिहिली जाते त्या प्याद्याच्या नावावर. खरं तर डाव घालवलेला असतो अडकून पडलेल्या हत्तीने.

तोच हत्ती मोकळा करा. वेळ पडली तर आणखी एक प्यादं सोडा, पण त्याला प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्यांमागे घुसू द्या. आता राखणीची पाळी समोरच्यावर येते. राजाचंही तसंच. 1924 साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याने टार्टाकोवरविरुद्ध हत्तींच्या एंडगेममध्ये दोन प्यादी चक्क शहासकट मारू दिली. कशासाठी? आपला राजा पुढे काढण्यासाठी. तो राजा थेट प्रतिस्पर्ध्याच्या राजाजवळ जाऊन भिडला आणि डाव कापाब्लांकाने जिंकला.

आता खरोखर हरत आलेला डाव बघू. रिचर्ड रेती यांनी 1921 साली एक कूटस्थिती रचली. पटावर चारच मोहरी. पांढरा राजा एच 8 वर, अगदी कोपऱ्यात; त्याचं प्यादं दूर सी 6 वर. काळा राजा ए 6 वर, त्या प्याद्यापासून दोन चालींवर. आणि काळं प्यादं एच 5 वरून वजीर व्हायला निघालेलं. चाल पांढऱ्याची. पांढरा राजा त्या प्याद्यामागे सरळ धावला, तर दोन चाली कमी पडतात. आपल्या प्याद्याकडे धावला, तरी उशीर होतो. कुणालाही विचारा, पांढरा हरला.

रेतींचा राजा तिरका चालतो. जी 7, एफ 6, ई 5. पटावर तिरकं जायला सरळ जाण्याइतक्याच चाली लागतात. पण प्रत्येक तिरक्या पावलाने तो काळ्या प्याद्याच्याही जवळ येतो आणि स्वतःच्या प्याद्याच्याही. ई 5 वर आल्यावर काळ्याने पांढरं प्यादं मारलं, तर राजा एफ 4 वर जाऊन पळणाऱ्या प्याद्याला गाठतो. काळ्याने आपलं प्यादं पुढे ढकललं, तर राजा डी 6 वर पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. दोन्हीकडून बरोबरी. राजा तोच, त्याची चालही एका घराचीच. पण प्रत्येक पावलाने दोन कामं केली.

मुलांनो, मागे पडलेल्याकडे वेळ कमी असतो, म्हणून त्याने असंच पाऊल शोधायचं. तुम्हाला येणारं एखादं गणित शेजारच्या मित्राला फळ्यावर समजावून सांगा. त्याची अडचण सुटते आणि आपलं नेमकं कुठे कच्चं आहे, तेही लख्ख कळतं.

मात्र मोकळं होणं म्हणजे उधळणं नाही. अठराव्या शतकातल्या फिलिडोर यांचा प्रसिद्ध बचाव आठवा. एका प्याद्याने मागे असलेला खेळाडू आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर ठेवतो आणि समोरच्या राजाची वाट अडवतो. समोरच्याचं प्यादं त्या ओळीवर आलं, की हत्ती तडक पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि मागून शह देत सुटतो. राजाला आडोसाच उरत नाही. आधी धीर, मग धाव. वेळ ओळखणं हाही लढण्याचाच भाग आहे.

मोहरं मोकळं ठेवायला विसरलं तर काय होतं, ते 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरला जगाने पाहिलं. डिंग लिरेन विरुद्ध गुकेश, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. डिंग यांच्याकडे एक प्यादं कमी होतं, तरी बरोबरी हाताशी होती. पण त्यांचा उंट ए 8 च्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. पंचावन्नाव्या चालीला त्यांनी हत्तींची मारामारी देऊ केली. गुकेशने हत्ती घेतला आणि लगेच उंट डी 5 वर आणला. कोपऱ्यातल्या उंटाला निसटायला घरच नव्हतं. उंटही गेले, उरलेला राजा-प्याद्यांचा डाव हरलेला होता. डिंग मोठे खेळाडू आहेत; मोठ्यांनाही कोपऱ्यातलं मोहरं महागात पडतं.

प्रत्येक डाव वाचतो, असं मी खोटं सांगणार नाही. काही डाव जातात. पण मिळालेला अर्धा गुणही गुणतक्त्यावर चढतो, आणि कितीतरी स्पर्धांचे निकाल त्याच अर्ध्या गुणावर लागलेत.

पालकांना माझी एक विनंती. मूल हरून घरी आलं, की ‘किती मार्कांनी गेलं?’ हा प्रश्न मागे ठेवा. ‘तुझं कोणतं मोहरं शेवटपर्यंत बसून राहिलं?’ असं विचारा. आणि मुलांनो, डाव सोडायला हात पुढे करण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर सापडलं, तर ते मोहरं उचला आणि खेळा.