वाहनापुढील लोखंडी गार्ड : संरक्षण की संकट?



इंदूर हे माळव्याचे मोठे व्यापारी केंद्र. होळकरांच्या राजवटीपासून येथे अनेक मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. या शहरातून निघणारा आग्रा-मुंबई रस्ता माळव्याची काळी सपाट जमीन मागे टाकतो, विंध्याचे घाट उतरून निमाडात येतो आणि सातपुडा ओलांडून खानदेशात प्रवेश करतो. मुख्य रस्ता सोडला की कच्चे रस्ते, नाले आणि चढउतार सुरू होतात. त्यामुळे चारही चाकांना गती मिळणारी वाहने, म्हणजे ज्यांना आपण ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ म्हणतो ती, या भागात शेतकरी, कंत्राटदार आणि शासकीय कर्मचारी अशा सर्वांच्याच वापरात दिसतात.

असे वाहन घरी आले की पुष्कळदा पहिला खर्च होतो तो त्याच्या पुढे जाड नळ्यांचा लोखंडी गार्ड बसविण्यावर. यालाच ‘बुलबार’ असे म्हणतात. वाहन भारदस्त दिसते, गुरे आडवी आली तरी नुकसान होणार नाही, अशी मालकाची समजूत असते. पुढे काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात. विशिष्ट वेग आला की स्टिअरिंग थरथरते, वाहन सरळ रेषेत राहत नाही, वळण घेताना जड वाटते, ब्रेक दाबताच नाक खाली जाते. दोष कधी रस्त्याला, कधी टायरला, तर कधी कारखान्याला दिला जातो. परंतु या काळात वाहनात बदल कोणता झाला, हा साधा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो.

या प्रश्नाचा विचार करण्यास इंदूरइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. इंदूरपासून जवळच, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ ही वाहनचाचणीची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. त्याच आवारात ब्रेकच्या चाचणीसाठी, चढणीसाठी, ओल्या निसरड्या पृष्ठभागासाठी, वळणांवरील ताब्यासाठी आणि खडबडीत रस्त्यावरील टिकाऊपणासाठी वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. वाहनाचे वजन कोणत्या चाकांवर किती पडावे, स्प्रिंग किती ताठ असावी, ब्रेकचा जोर पुढे-मागे कसा वाटला जावा, हे असल्या चाचण्यांतून ठरते. अनेक महिन्यांच्या परिश्रमाने साधलेला हा समतोल एखाद्या दुपारी चार बोल्ट आवळून बदलला जातो, ही खरी विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

बुलबारची प्रथा विशेषतः ऑस्ट्रेलियात रुजली. तेथील ओसाड प्रदेशात रात्री कांगारू वाहनासमोर उडी घेतात आणि रेडिएटर फुटला तर शेकडो किलोमीटरपर्यंत मदत मिळणे कठीण असते. परंतु तेथेही अशा गार्डासाठी स्वतंत्र मानक २००२ साली करण्यात आले. युरोपीय संघानेही २००५ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यावर निर्बंध घातले. आपल्याकडे गार्डाची नक्कल आली. त्यामागील मोजमाप आणि शिस्त मात्र आली नाही.

आता या गार्डामुळे वाहनात नेमके काय घडते ते पाहू. यासाठी शाळेत शिकविला जाणारा तरफेचा नियम पुरेसा आहे. समजा, गार्डाचे वजन ६० किलो आहे, तो पुढच्या आसाच्या ९० सेंटिमीटर पुढे बसविला आहे आणि पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २४० सेंटिमीटर आहे. पुढच्या चाकांवर वाढणारा भार ६० किलो नसून सुमारे साडेब्याऐंशी किलो असतो, कारण पुढचा आस येथे टेकूचे काम करतो. त्याच वेळी मागच्या चाकांवरील भार साडेबावीस किलोंनी कमी होतो. गार्डासोबत ओढकामाची विंच बसविली आणि एकूण वजन १०० किलो झाले, तर पुढे सुमारे १३८ किलो वाढतात आणि मागे सुमारे ३८ किलो घटतात. पुढच्या बाकावर दोन धडधाकट माणसे बसली तरी असा परिणाम होत नाही, कारण ती दोन्ही आसांच्या मध्ये बसतात. गार्ड मात्र आसाच्या पुढे लोंबकळत असतो.

या भाराने पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि वाहनाचे नाक खाली जाते. सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे कललेला असतो, हे आपण पाहिले असेल. चालत्या सायकलचे हँडल आपोआप सरळ राहू पाहते, त्याला या कलाचा मोठा हातभार लागतो. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच दोन ते चार अंशांचा कल दिलेला असतो. वाहनाचे नाक मागच्या भागाच्या मानाने अवघे तीन सेंटिमीटर खाली गेले, तरी वरील मापाच्या वाहनात हा कल सुमारे पाऊण अंशाने कमी होतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून परत येईनासे होते आणि सरळ रस्त्यावरही चालकाला ते सतत सावरावे लागते. पुढची चाके स्वतंत्र स्प्रिंगांवर असतील, तर स्प्रिंग दबल्याने चाकांची आपसांतील समांतरताही बिघडते आणि टायर एका कडेने झिजू लागतात. नाक खाली गेल्याने दिव्यांचा झोत जवळ पडतो. त्यातच नळ्यांची सावली पडली की रात्री रस्ता कमी दिसतो.

ब्रेकचा प्रश्न याहून गंभीर आहे. मागची चाके हलकी झाल्यामुळे जोराने ब्रेक लावताच ती लवकर घसरू लागतात. राऊ-खलघाट मार्गावरील गणपती घाट अपघातांमुळे सर्वांना परिचित आहे. अशा लांब उतारावर वाहनाचा भार आधीच पुढे सरकलेला असतो. त्यात नाकावर आणखी शंभर किलो असतील, तर पुढच्या ब्रेकना अधिक काम पडते व ते अधिक तापतात. सपाट रस्त्यावर जी उणीव जाणवत नाही, ती येथे जिवावर बेतू शकते.

आता कंपाकडे वळू. झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का देत गेल्यास तो उंच जातो, कारण प्रत्येक वस्तूची हलण्याची स्वतःची एक लय असते. पातळ पट्ट्यांच्या आधारावर बसविलेला जड गार्ड हा असाच एक झोपाळा होय. वजन जितके अधिक आणि आधार जितका लवचिक, तितकी ही लय मंद होते. सव्वादोन मीटर घेराचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे दहा वेळा फिरते. गार्डाची लयही तेवढीच असेल, तर चाकाच्या समतोलातील किरकोळ दोष, जो पूर्वी जाणवतही नव्हता, तो आता स्टिअरिंगमध्ये थरथर होऊन उतरतो. म्हणूनच अनेक चालक सांगतात की कंप ठरावीक वेगालाच येतो आणि त्या वेगाच्या पुढे गेल्यावर कमी होतो.

कारण शोधताना कंप कशाबरोबर बदलतो ते पाहावे. वाहन उभे असून केवळ इंजिन चालू असताना थरथर होत असेल, तर गार्ड कोठेतरी बॉडीला, जाळीला किंवा रेडिएटरला टेकला आहे, किंवा त्याचे बोल्ट सैल आहेत असे समजावे. चासीवर बांधणी असलेल्या वाहनांत बॉडी रबरी बुशांवर बसविलेली असते. गार्ड एकाच वेळी चासीला आणि बॉडीला टेकला, तर हे रबर निरुपयोगी ठरते व इंजिनाचा कंप थेट आत येतो. ठरावीक वेगाला येणारा कंप त्याच वेगात गिअर बदलूनही तसाच राहिला, तर चाकांचे बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि फिरणारे शाफ्ट तपासावेत. खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग हातातून सुटेल इतके हलत असेल, तर टाय-रॉडचे सांधे, किंगपिन आणि बुश झिजलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी वाहन पुढे न दामटता दुरुस्तीला न्यावे. केवळ चारही चाकांची गती जोडल्यावर कंप येत असेल, तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट व त्याचे सांधे पाहावेत. अनेक वाहनांत ही जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यासाठी नसतेच. तेथे ती वापरल्यास वळणावर वाहन अडखळते. तो दोष गार्डाचा नव्हे, वापराचा असतो.

यावर गॅरेजमध्ये काही झटपट उपाय सुचविले जातात. ताठ स्प्रिंगा घातल्याने नाक वर येते, पण वजन तेथेच राहते, ब्रेकचा बिघडलेला समतोल सुधारत नाही आणि खडबडीत रस्त्यावर चाके अधिक उसळतात. चासीला वेल्डिंग करून गार्ड घट्ट केल्यास थरथर थांबल्यासारखी वाटते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचे पोलाद दुबळे होऊन पुढे तेथे तडा जाऊ शकतो. रोगाचे लक्षण दाबणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे.

खरा उपाय सोपा आहे. वजनकाट्यावर, ज्याला इंदूरकडे धर्मकाटा म्हणतात, केवळ पुढची चाके ठेवून वजन करावे. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. मग गार्ड उतरवून हीच दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, परवानगीच्या मर्यादेत वाहन चालवून पाहावे. तक्रार नाहीशी झाली, तर कारण हाती लागले. थोडीफार उरली, तर चाके व सांधे तपासून घ्यावेत. दोन्ही परिस्थितींत तो गार्ड पुन्हा चढवू नये.

पुन्हा चढवू नये असे म्हणण्यामागे कंपापेक्षाही मोठे कारण आहे. आधुनिक वाहनाचा पुढचा भाग टकरीच्या वेळी ठरावीक रीतीने दबावा आणि आघात शोषून घ्यावा, अशीच त्याची रचना असते. एअरबॅग केव्हा उघडावी याचा निर्णय त्या आघाताच्या नोंदीवरून होतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ताठ गार्ड मध्ये आला की आघाताचे स्वरूप बदलते. एअरबॅग उशिरा उघडणे किंवा नको तेव्हा उघडणे संभवते, आणि दबणारा भाग बाजूला राहून धक्का थेट चासीतून प्रवाशांपर्यंत पोहोचतो. जो पत्रा वाचविण्यासाठी गार्ड बसविला, त्या पत्र्याचे कामच माणसाला वाचविण्याचे होते.

वाहनाबाहेरच्या माणसाचा विचार तर अधिकच आवश्यक आहे. बॉनेटचा पत्रा थोडाफार दबतो. लोखंडी नळी दबत नाही. उंच वाहनावरील गार्डाची आडवी नळी शाळकरी मुलाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या पातळीवर येते. ज्या वेगाच्या धडकेत मूल जखमी होऊन वाचले असते, त्याच वेगात गार्डामुळे ते दगावू शकते. गावातील रस्ता हाच मुलांचा शाळेचा रस्ता असतो, हे कोणत्याही वाहनमालकाने विसरू नये.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून बुलबार व क्रॅश गार्ड बसविणे हा या कलमाचा भंग असल्याचे कळविले आणि कारवाई करण्यास सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा अर्थ लावताना मूळ रचनेपासून फारकत घेता येणार नाही असे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद अधिनियमात आली.

तथापि केवळ दंडाच्या भीतीने ही प्रथा जाणार नाही. अधिकाऱ्यांनी प्रथम आपल्या कार्यालयाची वाहने पाहावीत. शासकीय वाहनावर गार्ड असेल तर गावकऱ्यांना सांगण्याचा अधिकार उरत नाही. शिक्षकांनी तरफेचा धडा शिकविताना एक फूटपट्टी, दोन खोडरबर आणि एक छोटा दगड घ्यावा. रबरांवर पट्टी अशी ठेवावी की तिचे एक टोक बाहेर राहील, आणि त्या टोकावर दगड ठेवावा; दुसरे टोक उचलले जाताना मुलांना डोळ्यांनी दिसेल. घरी जाऊन ती वडीलधाऱ्यांना जे सांगतील, त्याचा परिणाम कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक होईल. ग्रामस्थांनी जनावरांपासून बचावासाठी वेग आवरावा, दिवे स्वच्छ आणि योग्य पातळीवर ठेवावेत, आणि संध्याकाळी गुरे घरी परतण्याच्या वेळी गावाजवळ सावकाश जावे. रोही किंवा म्हैस अचानक समोर आली, तर लोखंडाच्या नळीपेक्षा ताशी वीस किलोमीटर कमी असलेला वेगच अधिक उपयोगी पडतो.

यंत्राला वाचा नसते. त्याचे दुखणे ते थरथरीतून सांगते. ते वेळीच ऐकून अनावश्यक ओझे उतरविणे यात वाहनाचे हित आहे, त्यात बसणाऱ्यांचे आहे आणि रस्त्याच्या कडेने दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलांचेही आहे.