हाड मोडले, पण का मोडले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी विषयावर मी बोलावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण घरात म्हातारे माणूस पडले की उशाशी आपणच बसतो. तेव्हा जे पाहिले आणि विचारून घेतले, तेवढेच सांगते.

साठीपुढच्या बाईचे मनगट किंवा खुब्याचे हाड मोडले की आपण म्हणतो, "पाय घसरला, वय झाले." प्लास्टर होते आणि विषय तिथेच संपतो. पण त्याच ओल्या फरशीवर तरणी पोर पडली तर बहुधा लुगडे झटकून उठते. मग आजीचेच हाड का मोडावे? पाळी थांबल्यावर बाईच्या हाडांची झीज झपाट्याने होऊ लागते. ती दुखत नाही, खुपत नाही. पुष्कळदा हाड मोडल्यावरच कळते.

हाड आतून अनारशासारखे जाळीदार असते. पीठ बिघडले की अनारसा कढईत हसतो आणि हाती चुरा येतो. हाडाची जाळी विरळ झाली की तिचीही तीच गत.

ही घनता मोजण्याची नेहमीची तपासणी म्हणजे डेक्सा. तीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की हाडे ठिसूळ झाली असे ठरते. परंतु म्हातारपणी मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात. तेही मापात धरले जातात आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

इथे सी.टी. स्कॅन उपयोगी पडतो. हे यंत्र रुग्णावर प्रथम १९७१ साली लंडनमध्ये वापरले गेले. ते बनवणाऱ्या हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या नावाच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. या मापाने मणक्याच्या आतल्या जाळीचाच तेवढा आकडा काढता येतो. कमरेच्या पहिल्या मणक्यात तो साधारण ११०च्या खाली असला की ठिसूळपणाचा दाट संशय घेतात. यंत्रागणिक थोडा फरक पडतो, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई न्हाणीत पडल्या, मनगट मोडले. हाडांच्या डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी पोटाचा सी.टी. काढला होता का?" दोन वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी काढलेला कपाटात होता. त्याच्या सी.डी.वरून आकडा निघाला, तो कमी होता. डेक्सानेही तेच सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "हाड जुळले ना? आता माझ्यावर आणखी पैसे कशाला?" डॉक्टरांनी समजावले, की एक हाड मोडले म्हणजे दुसरे मोडण्याची भीती वाढते, आणि पहिली दोन वर्षे ती फार असते. खुबा मोडला तर अंथरूण धरावे लागेल. तेव्हा कुठे त्यांनी औषध घेतले.

मात्र केवळ घनता पाहायला सी.टी. काढू नये, त्यात डेक्सापेक्षा पुष्कळ जास्त किरण अंगात जातात. दुसऱ्या कारणाने निघालाच असेल, तर त्याचा उपयोग करून घ्यावा. सी.डी. जपून ठेवावी, नुसत्या फिल्मवरून आकडा निघत नाही.

आपल्या पेठ-सुरगाण्याकडची नाचणी घरात असू द्या. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण ठिसूळ हाड एकदा मोडल्यावर नुसत्या भाकरीने भागत नाही, औषधही लागते.

भगिनींनो, आपण घरादाराच्या औषधांच्या वेळा पाळतो आणि स्वतःचे दुखणे पदराखाली झाकतो. पुढच्या वेळी घरात कोणाचे हाड मोडले, तर "कधी जुळेल?" एवढेच विचारू नका. "का मोडले?" हेही विचारा. आणि ते हाड आपले स्वतःचे असले तरी विचारा.