टिकलीचं पिस्तूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीनं रेडिओवर येऊन पिस्तुलाबद्दल बोलावं, हे जरा विचित्रच. पण मी ज्या पिस्तुलाबद्दल बोलणार आहे त्याला परवाना लागत नाही. ते टिकल्या फोडायचं पिस्तूल आहे. जस्ताच्या ओतीव धातूचं, तळहातात मावणारं, आणि वयानं बहुधा माझ्या धाकट्या भावाएवढं.

ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना टिकली म्हणजे काय हे सांगायला नको. गोल डबीत लाल कागदाच्या टिकल्या यायच्या, नाहीतर फितीसारखा गुंडाळलेला रोल. ज्याच्याकडे पिस्तूल नसे तो दगडानं टिकली फोडी, किंवा एका नटात दोन बाजूंनी दोन बोल्ट बसवून मधे टिकली ठेवी आणि ते जमिनीवर आपटी. मी या नट-बोल्टवाल्यांतला. पिस्तूल दिसायचं ते होळीच्या सुमारास, सैलानीच्या यात्रेत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. तिथं नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान सगळेच येतात. आम्हा पोरांचं लक्ष मात्र खेळण्यांच्या दुकानांकडे. पत्र्याचं पिस्तूल स्वस्त, ओतीव धातूचं महाग. वडील किंमत ऐकायचे आणि म्हणायचे, "एवढ्यात चार दिवसांची ज्वारी येते." हिशेब बरोबर होता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

ते राहिलेलं पिस्तूल मला दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात मिळालं. भंगारवाल्याच्या गोणपाटावर, कुलपं आणि नळाच्या तोट्या यांच्यामधे. त्यानं आधी ते तराजूत टाकलं, माझ्या डोळ्यांतली हाव पाहिली आणि तराजू बाजूला सारून दीडशे रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही. कवीला व्यवहार कळत नाही म्हणतात, ते म्हणू देत.

असं जुनं पिस्तूल घ्यायचं झालं तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे तडे. जस्त गंजत नाही, लोखंडासारखं लाल होत नाही, हे खरं. पण ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर वर्षानुवर्षांनी ते आतूनच तडकत जातं, आणि एक दिवस हातात तुकडे येतात. त्यावर इलाज नाही. दुसरं म्हणजे स्प्रिंग. चाप ओढला की घोडा मागं जातो, सुटतो आणि टिकलीवर आदळतो; त्याच ओढीत एक दाता रोलची फीत एक घर पुढं सरकवतो. सगळा खेळ एवढाच, पण स्प्रिंग मेली की तो संपला. माझ्या पिस्तुलाची मेली होती. मी बॉलपेनची स्प्रिंग घालून पाहिली. ती इतकी नाजूक निघाली की घोडा टिकलीवर नुसता टेकायचा, मुशायऱ्यातल्या अध्यक्षानं माइकवर बोट टेकवावं तसा. शेवटी कुलूप-किल्लीवाल्यानं पोलादी तार वळवून दिली. शिलाई मशीनचं तेल घातलं. दिवाळीत रोल आणला.

आणि ते वाजलं!

आवाजापेक्षा मला त्याचा वास अधिक आवडतो. तो आगपेटीच्या वासाचा भाऊ आहे, आणि नातं खरंच सख्खं आहे. आगकाडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि पेटीच्या बाजूवर तांबडा फॉस्फरस. दोघांना वेगळं ठेवलं म्हणून ती सुरक्षित. घासल्याशिवाय पेटत नाही. टिकलीत हीच दोन द्रव्यं कणभर एकत्र असतात, म्हणून नुसत्या आघातानं फुटतात. तमिळनाडूतल्या शिवकाशीत आधी आगपेट्यांचा धंदा उभा राहिला आणि मागोमाग फटाक्यांचा, यात त्यामुळे नवल नाही. एक सांगून ठेवतो. कणभर असली तरी टिकली कानाजवळ फोडू नये, कानाला कायमची इजा होऊ शकते. आणि रोल खिशात सुटा ठेवू नये.

आता या पिस्तुलाचं दुसरं अंग. प्लास्टिकचं हिरवं-गुलाबी पिस्तूल लांबूनही खेळणं वाटतं. माझं तसं वाटत नाही. त्याचा राखाडी रंग, त्याचं वजन, दस्त्यावरची नक्षी, सगळं अस्सल. ज्या गुणांसाठी मी ते घेतलं तेच त्याचे अवगुण. बाजारातून निघताना मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि एसटीत चढलो. पिशवी मांडीवर. माझी दाढी आहे, डोक्यावर टोपी आहे. शेजारच्या माणसानं सहज विचारलं, "काय घेतलं, चाचा?" मी म्हणालो, "कुलूप." का म्हणालो ते तुमच्या ध्यानात येईल. घरी आल्यावर आमच्या बेगमनं ते पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "अजी, बस में किसीने देखा तो नहीं?" किंमत तिनं नंतर विचारली.

अमेरिकेत खेळण्यातल्या पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला नारिंगी खूण असावी, असा कायदा १९८८ साली झाला. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंड शहरात टामीर राइस नावाचा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बागेत छऱ्यांचं खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. त्यावरची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांची गाडी आली आणि दोनेक सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. आपलं गाव म्हणजे क्लीव्हलंड नव्हे, हे मला कळतं. तरी माझा नातू आठ वर्षांचा आहे, आणि ही बातमी मला त्याच्या वयाकडे पाहून आठवते.

त्याला ते पिस्तूल जीव की प्राण. अंगणात तो पोलीस आणि मी चोर. ही वाटणी त्यानंच केलेली. माझ्या मुलानं एकदा त्याचा पिस्तूल रोखलेला फोटो काढला आणि स्टेटसला ठेवणार, तेवढ्यात मी त्याच्या हातातून फोन घेतला. अंगणाच्या फाटकाबाहेर पिस्तूल न्यायचं नाही, असा घरात नियम आहे. नातू विचारतो, "दादा, त्या शेजारच्या पोराचं चालतं, मग माझं का नाही?" मी सांगतो, "त्याचं प्लास्टिकचं आहे, तुझं खऱ्यासारखं दिसतं." उत्तर खरं आहे. पुरतं नाही, पण आठ वर्षांच्या पोराला बाकीचं आजच सांगायची मला घाई नाही.

यंदा पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आणलेला नारिंगी रंग थोडा उरला होता. तो मी नळीच्या टोकाला लावला. नातू दोन दिवस रुसला. पोलिसांच्या पिस्तुलाला असा रंग नसतो म्हणाला. मग सवय झाली. जस्तावर तो रंग नीट धरत नाही, खेळून खेळून पोपडे निघतात. डबी मी फळीवर जपून ठेवली आहे. पंधरा-वीस दिवसांनी एक हात मारावा लागतो.