गाऊन, काळा कोट आणि आमची गुलाबी साडी

दुपारची कामं आटोपली असतील. नसतील तर ऐकता ऐकता आटोपा, मी काही रागावणार नाही.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. मागच्या भाषणांत मी कर्जाची परतफेड, दशसूत्री, गांडूळखत असं सगळं शहाण्यासारखं बोलले. आज मी सांगणार आहे, क्रूझवर म्हणजे समुद्रात सहलीला नेणाऱ्या त्या मोठमोठ्या बोटींवर रात्री जेवायला कोणते कपडे घालतात ते. आपल्यातलं कोण जाणार आहे तिकडे, असं म्हणाल. पण शेवटपर्यंत ऐका. विषय आपल्याच सभेत निघाला होता.

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा अशा बोटीवर वेटर आहे. आपल्या किनारपट्टीवरून आणि गोव्यातून बोटीवर नोकरीला जाणं नवीन नाही, पणजोबांच्या काळापासून माणसं जातायत. तर मासिक सभा चालू असताना काकूंचा फोन वाजला. बोट बंदराला लागली की मुलगा व्हिडिओ कॉल करतो, मग सभा असो नाही तर आरती. तो म्हणाला, आई, जास्त वेळ नाही, आज फॉर्मल नाइट आहे, कामाचा डोंगर आहे. आम्ही सगळ्या फोनभोवती जमलो. फॉर्मल नाइट म्हणजे काय रे? तो म्हणाला, आज रात्री पुरुषांनी काळा कोट आणि बो घालून जेवायला यायचं, बायकांनी लांब गाऊन घालून.

काकू एकदम म्हणाल्या, "अगो बाई! गाऊन घालून? इतक्या माणसांत?"

आम्ही हसून हसून लोटपोट. आपल्याकडे गाऊन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पहाटे पाणी भरताना घालायचा आणि पुरुषमाणूस दिसला की वरून ओढणी टाकायची, तो. तिकडे गाऊन म्हणजे टाचेपर्यंत लोळणारा, चमचमणारा, त्यांच्या ठेवणीतल्या शालूसारखा कपडा. शब्द एकच, पण एक दार उघडायला आणि एक दरबारात जायला.

त्या दिवसापासून मला या गोष्टीचा नादच लागला. काही वाचलं, काही त्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत राहिले. बिचारा रात्री बारानंतर उत्तरं द्यायचा.

पूर्वी या बोटी सहलीच्या नव्हत्याच. विमान नव्हतं तेव्हा इंग्लंडहून मुंबईला किंवा अमेरिकेला जायचा रस्ता म्हणजे बोट. तिच्यावर वर्ग असायचे. पहिल्या वर्गातल्या लोकांनी रोज रात्री जेवायला नटून यायचं, हा रिवाज. फक्त पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री सूट, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसायच्या आणि शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असायच्या. या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. काहींवर लिहिलेलं असे, प्रवासात लागणार. काहींवर, प्रवासात लागणार नाही. लागणार नाही ती पेटी बोटीच्या पोटात खाली जायची. म्हणजे निघण्याआधीच ठरवायचं की कुठल्या रात्री काय घालायचं. आपण लग्नाच्या वऱ्हाडाला निघताना हळदीची साडी वर ठेवतो, तसंच.

तिसऱ्या वर्गात असा काही नियम नव्हता. कोणी अपेक्षाच केली नव्हती त्यांच्याकडून. टायटॅनिक बोट १९१२ मध्ये बुडाली, तो सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात वरचे लोक कसे जेवतात आणि खालचे कसे नाचतात ते दाखवलंय. त्या बोटीवर बेंजामिन गुगेनहाइम नावाचे एक श्रीमंत गृहस्थ होते. बोट बुडतेय हे कळल्यावर ते आत गेले आणि रात्रीचा उंची पोशाख चढवून वर आले, असं वाचलेल्या एका सेवकाने सांगितलं. मरतानाही कपड्यांचा मान! मला आधी हसू आलं, मग आलं नाही. आपणही सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतोच ना.

आणि मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर त्या टेबलांवर वाढायला कोण होतं? गोव्याची माणसं. डेकवर आणि खाली इंजिनात राबायलाही हिंदुस्थानी खलाशीच होते. त्यांनाही कपड्यांचा नियम होता, पण तो वेगळा. त्यांचा वेश पाहुण्यांना दिसावा म्हणून नव्हता, ते नोकर आहेत हे कळावं म्हणून होता.

आता मला सगळ्यात गंमत वाटली ती काळ्या कोटाची. याला म्हणतात डिनर जॅकेट, अमेरिकेत टक्सिडो. आज हा कोट म्हणजे कडक नियमाची हद्द. पण तो जन्मला कसा? त्याआधी मोठी माणसं रात्री मागे दोन शेपट्या असलेला लांब कोट घालायची. त्या शेपट्यांवर बसायचं म्हणजे वैताग. १८६५ च्या सुमाराला इंग्लंडच्या युवराजाने लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून घरगुती जेवणासाठी एक आखूड, सुटसुटीत कोट शिवून घेतला, असं मानतात. म्हणजे आजचा कडक कोट हा तेव्हाचा ढिला कोट! जुन्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडलीच असणार.

त्या कोटाखाली पोटावर एक रुंद रेशमी पट्टा बांधतात. त्याला इंग्रजीत कमरबंड म्हणतात. ऐकलंत? कमरबंद! हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या साहेबांना आपल्या उन्हाळ्यात कोटाखालचं जाकीट सहन होईना. त्यांनी इथल्या लोकांचा कमरबंद उचलला आणि जाकिटाच्या जागी बांधला. तोच पुढे साहेबी रिवाज झाला. तांबड्या समुद्रातून बोट जायची तेव्हा तर अधिकारी कोटही काढून ठेवत, नुसता पांढरा सदरा आणि कमरबंद, आणि तोही पोशाख नियमात बसवला गेला. उकाड्यापुढे रिवाजाचं काही चाललं नाही.

म्हणून कोणी मला सांगायला लागलं की ही परंपरा पहिल्यापासून अशीच आहे, तर मी विचारते, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?

पुढे १९५८ मध्ये अटलांटिक महासागरावरून जेट विमानं सुरू झाली. पाच-सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. बोटी रिकाम्या पडायला लागल्या. मग कंपन्यांनी त्या सहलीकडे वळवल्या. वर्गांच्या भिंती बऱ्याच पडल्या, तिकीट काढलेला शिक्षक आणि निवृत्त कारकूनही एकाच जेवणघरात बसू लागला. रोजचं नटणं गेलं, आठवड्याला एक-दोन फॉर्मल रात्री उरल्या. त्या रात्री बोटीवरचा फोटोग्राफर पडदा लावून उभा राहतो, नटलेल्या नवरा-बायकोचा फोटो काढतो आणि तो चांगल्या किमतीला विकतो. ज्याच्याकडे कोट नाही त्याला काही बोटींवर भाड्याने मिळतो. धंदा आहे शेवटी, आपणही संक्रांतीला हलव्याचे दागिने भाड्याने देतोच.

तेवढंही लोकांना जड वाटायला लागलं. बंदराच्या गावी पोहोचायचं तर विमानाने जावं लागतं आणि विमानात सामान मोजून न्यायचं. दोन रात्रींसाठी कोट, बूट, लांब गाऊन कोण वाहणार? बहुतेक बोटींवर खोलीत इस्त्री न्यायलाही बंदी असते, आगीच्या भीतीने. २००० साली नॉर्वेजियन नावाच्या कंपनीने सांगून टाकलं, आमच्याकडे नटायची सक्ती नाही, ज्याला हवं त्याने नटावं. नंतर आलेल्या काही कंपन्यांनी तर फॉर्मल रात्र ठेवलीच नाही.

पण क्युनार्ड नावाची जुनी कंपनी आहे, तिने ही प्रथा सोडली नाही. तिची क्वीन मेरी २ ही बोट २००४ पासून इंग्लंड आणि न्यूयॉर्कमध्ये ये-जा करते. सात रात्रींच्या प्रवासात साधारण दोन रात्री थाटाच्या. त्या रात्री संध्याकाळी सहानंतर मोठ्या जेवणघरात यायचं तर नटूनच. मात्र ज्याला नटायचं नाही त्याच्यासाठी दुसरीकडे जेवण लावलेलं असतं, त्याच बोटीवर. उपाशी कोणी राहत नाही, खोलीत तोंड लपवून बसायची पाळी येत नाही. आणि आणखी एक. बायकांनी गाऊनच घातला पाहिजे असं राहिलेलं नाही, चांगला पॅन्टसूट चालतो. आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाखही चालतो. म्हणजे आपली साडी चालते.

काकूंच्या मुलाने एक किस्सा सांगितला. त्याच्या बोटीवर एकदा पुण्याच्या एक आजी फॉर्मल रात्रीला पैठणी नेसून, नथ घालून आल्या. त्याच्या छातीवर बिल्ला असतो, नाव आणि खाली देश. तो वाचून आजींनी मराठीत विचारलं, कुठला रे तू? त्याने गावाचं नाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, जेवलास का? तो म्हणाला, ताई, इतक्या दिवसांत मला कोणी हे विचारलं नव्हतं, मी नुसतं हसलो आणि सूप ठेवून पुढच्या टेबलावर गेलो.

मला स्वतःला नटणं आवडतं, हे खोटं कशाला सांगू. फॉर्मल रात्र टिकावी असं म्हणणारे लोकही मला कळतात. ते म्हणतात, सगळेच दिवस हाफपॅन्टवर काढले तर सहल कसली? ट्रंकेतली डांबरगोळीचा वास येणारी साडी बाहेर निघायला एक दिवस लागतोच. पण सक्ती कोणाला किती महाग पडते हे नियम करणाऱ्याला दिसत नाही. हे मी वाचून नाही सांगत.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या मेळाव्यासाठी मी ठरवलं की गटातल्या सगळ्यांनी एकसारखी गुलाबी साडी नेसायची. स्टेजवर छान दिसेल. शिवाय एकसारखी साडी असली की गरीब-श्रीमंत कळत नाही, असं मी ठासून सांगितलं. साडीचे साडेचारशे रुपये. नाही नेसली तर पन्नास रुपये दंड. सगळ्या हो म्हणाल्या. हो म्हणाल्या म्हणजे कोणी नाही म्हटलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी एक बाई आली नाही. ताप आहे म्हणून निरोप. स्टॉलवर आम्ही जे कोकम आगळ विकलं, फोटो काढून घेतले, ते तिच्या हातचं होतं. दंड मी रजिस्टरमध्ये लिहिला, माझ्या स्वतःच्या अक्षरात. पुढच्या सभेला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या मुलीकडून मला चार महिन्यांनी कळलं की त्या आठवड्यात तिने हॉस्टेलची फी भरली होती आणि घरात साडेचारशे रुपये नव्हते. ताप वगैरे काही नव्हता.

गरीब-श्रीमंत कळू नये म्हणून केलेल्या नियमाने नेमकं तेच उघडं पाडलं. आणि आमच्या बोटीवर दुसरीकडे जेवण लावलेलं नव्हतं.

मी हे सभेत मांडलं. वाद झाला. दोघी-तिघी म्हणाल्या, शिस्त सुटेल. काकू म्हणाल्या, "माझो झील वाढता त्या साहेबांका पण सूट आसा, आमका नाय?" त्यानंतर कोणी फार बोललं नाही. यंदा ठरलंय ते असं. साडी ज्याची त्याची, घरात असेल ती. गुलाबी काही तरी एक असावं, ब्लाउज, काठ, नाही तर गजऱ्यातला गुलाब. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीची साडी आहे त्यांनी ती खुशाल नेसावी, माझ्याकडेही आहेच. दंडाचं कलम रजिस्टरमधून काढलं.

हे रेडिओवर बोलण्याआधी मी तिच्या घरी जाऊन विचारलं. ती म्हणाली, नाव घेऊ नका, बाकी काय ते सांगा. दंडाचे पन्नास रुपये परत द्यायला नेले होते, ते तिने हातात घेतले नाहीत. मी टीव्हीजवळ ठेवून आले. सभेला येशील का विचारलं तर म्हणाली, बघते.

सभा दहा तारखेला आहे. दुपारी तीन वाजता, अंगणवाडीत.