पँटचे खिसे आणि 72 तास

मागच्या भागानंतर एकाने मेसेज केला, "दादा, आता सगळं मोबाइलवर कळतं, तरी आपली मुलं काळजी का घेत नाहीत?" माझंच सांगतो.

मी गे आहे. एकविसाव्या वर्षी मला कंडोमबद्दल सगळं माहीत होतं. पण घर दोन खोल्यांचं. पँट धुवायला टाकायच्या आधी आई खिसे तपासायची. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बाबांचा दोस्त. मग कंडोम घेणार कुठून आणि ठेवणार कुठे? त्यात तेव्हा 377 कलमामुळे आपलं नातंच गुन्हा होतं. भेटायचं ते घाईत, घाबरत. समोरच्याला खरं नावसुद्धा सांगायचो नाही, तिथे "कंडोम वापरू या" कुठून म्हणणार? त्याला वाटलं असतं, संशय घेतोय.

एकदा तसंच झालं, कंडोमशिवाय. झोप उडाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हसत विचारलं, "काय रे, गर्लफ्रेंडची भानगड?" मी म्हणालो, "ॲसिडिटी झालीय." गोळ्या घेऊन घरी! आता हसू येतं. पण अशा वेळी 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, पेप नावाची औषधं सुरू करता येतात. 28 दिवस घ्यायची. माझे ते तास ॲसिडिटीत गेले.

तपासणीला जायला आठ महिने लावले. सरकारी हॉस्पिटलचं आयसीटीसी केंद्र, तपासणी फुकट. तिथल्या समुपदेशक ताईंनी वजन विचारावं इतक्या सहज विचारलं, "पार्टनर पुरुष, स्त्री की दोन्ही?" आठ महिन्यांत पहिल्यांदा मी खरं बोललो. रिपोर्ट निगेटिव्ह आला. नशीबच म्हणायचं.

माझा एक मित्र पॉझिटिव्ह आहे. रोज औषध घेतो, व्हायरल लोड तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. तो तसाच राहिला तर सेक्समधून त्याच्याकडून कुणाला एचआयव्ही होत नाही. तरी रूममेटच्या भीतीने तो बाटलीवरचं लेबल खरवडून काढतो. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने आपल्याला गुन्हेगारीतून बाहेर काढलं, पण रूममेटला ते कोण सांगणार?

आणि हो, 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. डॉक्टरांसमोर शब्द फुटत नसतील तर आधी 1097 लावा. टोल-फ्री आहे. मला तेव्हा हा नंबर माहीत नव्हता.